सत्तेचाळीस नंबरची पेटी

नणंद-भावजयीने एकाच संशोधन केंद्रात नोकरी करू नये, हे त्या दोघींना नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. नणंद प्रयोगशाळेची प्रमुख. बटाट्याच्या पानातून डीएनए काढून कुठल्या वाणात कुठलं जनुक आहे ते यंत्रावर वाचायची. भावजय शेतावरची, वाणांचे संकर करणारी. घरी दोघी एकमेकींना पाण्यात पाहायच्या आणि कामावर 'मॅडम' म्हणायच्या, तेही असं की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

त्या दिवशी सकाळी अहवाल आला आणि भावजयीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा सत्तेचाळीस नंबरचा वाण नापास! शेजारचे वाफे करपा रोगाने काळे पडले तेव्हा हा एकटा हिरवागार उभा होता. आणि अहवाल म्हणत होता, करप्याला रोखणारं जनुक त्याच्यात नाहीच. नापास वाणांचे कंद त्याच दिवशी चार वाजता वाफेच्या यंत्रात घालून मारायचे, हा केंद्राचा नियम. सत्तेचाळीसची काढणी झाली होती; चाळीस कंद, एकाच पेटीत. दुसरीकडे कुठेच काही नाही, कारण पास झाल्याशिवाय वाणाचं रोप काचेच्या नळीत जपून ठेवायला जागा मिळत नसे.

ती तरातरा प्रयोगशाळेत गेली.

"पानं अदलाबदल केलीत तुम्ही. माझा वाण आहे तो, मला माहीत आहे."

नणंदेने पडद्यावरून मान वर केली नाही. "शेतावर काही चुकलं नाही ना, ते बघितलंस?"

"माझ्या हातून? यंत्राशी मांडीला मांडी लावून बसलं म्हणजे बटाटा कळत नाही, मॅडम."

"बघ तरी," नणंद म्हणाली. "चारपर्यंत वेळ आहे."

भावजय पाय आपटत आपल्या खोलीत आली. लॅबवर खापर फोडायला पुरावा हवा, म्हणून तिने अहवाल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एक नंबर: पान सापडलं नाही. शहाण्णव नंबर: उत्तम नमुना. वाण होते पंच्याण्णव. पानं लॅबला पाठवायच्या शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये शेवटचा खळगा तिने स्वतःच रिकामा ठेवला होता.

प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो. तो वर डावीकडे धरायचा आणि तिथून पानं भरायला लागायचं, हे नवख्यालाही पहिल्या दिवशी शिकवतात. पानं भरली त्या दिवशी शेतात वारा होता, प्लेट मांडीवर दाबून धरलेली, आणि कोपरा होता खाली उजवीकडे. अख्खी प्लेट उलट्या टोकाने भरली गेली. सत्तेचाळीसचं पान पन्नासच्या जागी गेलं, पन्नासचं सत्तेचाळीसच्या. करप्याने सगळ्यात आधी मेलेला पन्नास अहवालात दिमाखात पास झाला होता.

साडेअकरा वाजले होते. जायचं आणि सांगायचं, प्लेट उलटी वाच, एवढंच काम. पण जीभ उचलेना. मागच्याच महिन्यात भर बैठकीत 'लॅबवाल्यांनी पानं कुजवली' म्हणून तिने नणंदेचं नाक कापलं होतं. आता कुठल्या तोंडाने जायचं? तिने डबा उघडला आणि न खाता बंद केला. एक वाजला, मग दोन. नणंद कशी हसेल, घरी भावाला कसं रंगवून सांगेल, हे तिने शंभरदा मनात पाहिलं आणि दरवेळी खुर्चीत परत बसली. अशा बाईला काय म्हणावं? ज्याच्यासाठी ऊन-पाऊस बघितला नाही, त्याच्यासाठी तिला एक जिना उतरवत नव्हता.

तीनला ती उठली.

"प्लेट मी उलटी भरली," दारातूनच म्हणाली. "चूक माझी. सत्तेचाळीस पास आहे."

"माहीत आहे. बुधवारीच कळलं. रिकामा खळगा पहिला आला, हे शेंबडं पोरही ओळखेल."

"मग अहवाल तसाच का पाठवलास?"

"तू येऊन कबूल करावंस म्हणून. नऊ वर्षांत एकदा तरी! पावणेचारला मीच पेटी काढून घेणार होते." नणंदेने मोठ्या समाधानाने फोन उचलला आणि वाफेचं यंत्र चालवणाऱ्याला लावला. "सत्तेचाळीस बाजूला ठेवा."

पलीकडचं बोलणं भावजयीला ऐकू आलं नाही. नणंदेचा उतरलेला चेहरा मात्र दिसला.

"काय झालं?"

"त्याची आज दाताच्या डॉक्टरकडे वेळ आहे. दोनलाच यंत्र लावलं त्याने."

दोघी धावत खाली गेल्या. खोलीभर उकडलेल्या बटाट्याचा वास होता. भावजयीने पेटीतला एक कंद उचलला, तर साल बोटांत सुटून आली.

"एक वाजता आली असतीस तर," नणंद म्हणाली.

"आणि तू बुधवारी फोन केला असतास तर? वैर माझ्याशी होतं ना ग तुझं?"

"पानाचा डीएनए आहे अजून फ्रीजमध्ये," नणंद चाचरत म्हणाली. "सगळा वाचून ठेवते. अक्षर न् अक्षर."

"वाच," भावजय म्हणाली. "आणि मग पेर तो. कोंब आला की बोलाव मला."