खाट कुठे ठेवायची

जावयानं कठड्याची छोटी खाट आधी उभी लोटून पाहिली, मग आडवी, आणि शेवटी दोन्ही हातांनी उचलून तिरकी करत कपाट आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात बसवली. बसली, पण अशी की कपाटाचं दार आता अर्धंच उघडणार होतं आणि बाथरूममध्ये शिरायचं तर पोट आत ओढून जावं लागणार होतं.

"इथे?" त्यानं विचारलं.

"इथेच," त्याची बायको म्हणाली. तिच्या कडेवर आठ महिन्यांचा मुलगा होता. ही वस्तू आपल्यासाठी नसावी अशा नजरेनं तो खाटेकडे बघत होता. "खिडकीपाशी रस्त्याचा आवाज येतो. पलंगांच्या मध्ये ठेवली तर आपण कूस बदलली तरी उठेल. इथे दोन्हीकडून भिंत आहे."

"आणि रात्री कुणाला बाथरूमला जायचं झालं तर?"

"आधीच जाऊन घ्यायचं."

बाप मुलाला सरकार म्हणायचा. त्यानं लवून मुजरा केला. "ऐकलंत ना, नाना? सरकारांचा हुकूम निघाला."

नाना म्हणजे तिचे वडील. ते खिडकीजवळच्या एकट्या पलंगावर, पाहुणे बसतात तसे कडेला टेकले होते. त्यांचा उभा जन्म वर्तमानपत्राच्या छापखान्यात, रात्रपाळीला, मशीनवर गेला होता. तिथल्या धडधडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. त्यामुळे त्यांचं साधं बोलणं भरसभेत केल्यासारखं वाटे, आणि कुजबूज तर त्याहून वाईट. आवाज दाबायला गेले की त्याला अशी काही धार येई की शेजारच्या खोलीतला माणूससुद्धा कान टवकारेल.

"माझी काही अडचण नाही," नाना म्हणाले, आणि सरकार दचकले.

हॉटेल भरलेलं होतं. दोन खोल्या मागितल्या होत्या, पण हाती ही एकच मोठी लागली. दुसरं कुणी असतं तर चालवून घेतलं असतं. पण तिला सुट्टी संपली की कामावर रुजू व्हायचं होतं, मुलाला पाळणाघरात ठेवायचं होतं, आणि गेले काही महिने जिवाचं रान करून लावलेली त्याची झोपेची सवय तिला इथे मोडू द्यायची नव्हती. घरी मूल झोपलं की दाराची घंटा बंद व्हायची, मिक्सर लागायचा नाही, नवरा फोनवर बोलायला जिन्यात जायचा. तो तिला हळूबाई म्हणायचा. आधी लाडानं म्हणायचा, अलीकडे अर्धंच लाडानं.

आणि नानांना तर तिनंच हट्टानं आणलं होतं. आई गेल्यापासून ते एकटे होते. लहानपणी तिच्या मैत्रिणींचे वडील त्यांना कुठे कुठे फिरायला न्यायचे. तिचे वडील दिवसा बंद दाराआड झोपलेले असायचे आणि संध्याकाळी डबा घेऊन निघून जायचे. बाप या माणसाबरोबर निवांत बसून चार संध्याकाळी काढाव्यात, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिनं वर्षभर वाट पाहिली होती.

पहिली संध्याकाळ मात्र गॅलरीत गेली. सरकार बोळात निजले, दिवे बंद झाले, आणि तीन मोठी माणसं दोन खुर्च्यांवर नि एका उलट्या टोपलीवर बसून मांडीवरच्या ताटल्यांत जेवू लागली. मधलं काचेचं दार तिनं ओढून घेतलं होतं. टोपलीवर अर्थात जावई होता.

"मीठ आहे का?" नानांनी कुजबुजून विचारलं.

आतून रडणं सुरू झालं.

ती ताटली ठेवून धावली. मुलाला पुन्हा निजवून बाहेर आली तोवर जेवण गार झालं होतं आणि नानांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. तळ्यावरचे दिवे बघत ते मुकाट्यानं जेवले. काही हवं असलं की बोटानं दाखवायचे. जावयानं एक विनोद केला, तर ते नुसतेच मान हलवून हसले. तिला बरं वाटलं नाही. पण मुलगा झोपला होता, म्हणून ती काही बोललीही नाही.

सकाळी नाश्त्याला जाताना काउंटरवरच्या मुलीनं जावयाला हटकलं.

"साहेब, खोलीतल्या बाथरूमची काही तक्रार आहे का? नळ वगैरे? आजोबा रात्री सारखे खाली येत होते, आमच्या इथलं वापरायला."

जावयानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं नानांकडे. नाना दूरवर, टोस्ट भाजायच्या यंत्रापुढे उभे राहून ते कसं चालतं याचा अभ्यास करण्यात गढून गेले होते.

"दोन जिने उतरून जात होते?" ती पुटपुटली. लाजेनं तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला वाटलं, आत्ता जाऊन माफी मागावी. मग वाटलं, इतक्या लोकांत नको, खोलीत बोलू.

पण खोलीत गेल्यावर पाहते तो नानांची पिशवी पलंगावर, आणि सदरा घडी करून आत चाललेला. जावयानं प्रसंग ओळखला. "सरकारांना बदकं दाखवून आणतो," असं म्हणून त्यानं मुलाला उचललं आणि काढता पाय घेतला.

"नाना, हे काय चाललंय?"

"दुपारची एक गाडी आहे. जातो मी."

"का म्हणून?"

"हे बघ पोरी, मी इथे असलो की त्याची झोप मोडते. त्याची मोडली की तुझी मोडते. तुझी मोडली की जावईबापूंची खैर नाही. मी घरी बरा. तुम्ही तिघं मजा करा."

"मजा करायला तिघं नव्हतो आलो आपण," ती म्हणाली. आवाज चढतोय असं वाटून ती वळली आणि दार लावून घेतलं. एका हातानं दार चौकटीशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं कडी वर उचलून, अलगद फिरवून, आत सोडली. एवढासुद्धा आवाज झाला नाही.

नाना घडी घालायचे थांबले.

"अजून अशीच लावतेस कडी."

"कशी?"

"अशी. धाकटीला जमायचं नाही. तिचा शेवटी टक् व्हायचा. तुझा कधीच नाही. तू लावलीस हे त्यावरूनच कळायचं मला."

"कधी कळायचं? तुम्ही तर झोपलेले असायचात."

नानांनी सदरा पिशवीत ठेवला, पुन्हा बाहेर काढला, आणि तो मांडीवर घेऊन बसले.

"नसायचो गं झोपलेला," ते म्हणाले. "पडलेला असायचो."

ती उभीच राहिली.

"झोप मला छापखान्यात यायची. मशीन एकदा चांगलं चालायला लागलं की कागदाच्या रिळांना पाठ टेकायची. इतका आवाज, पण मी गाढ. मशीन थांबलं की जाग. आमच्यातले बरेच जण तसेच. घरी यायचो तर तुम्ही सगळ्या गप्प. मग डोळे टक्क उघडे. मी आपला तुम्ही काय करताय ते ऐकत पडायचो."

"काय ऐकू यायचं? आम्ही तर श्वाससुद्धा..."

"तेच. शिंक आली की तू उशीत तोंड खुपसायचीस. तुम्ही दोघी भांडायचात तेही बिनआवाजाचं. तू धाकटीचे केस ओढायचीस आणि ती तोंड दाबून रडायची. हुंदका ऐकू यायचा नाही, पण श्वास अडकायचा तो कळायचा. उठून यावं असं किती वाटायचं मला. दोघींना एकेक धपाटा घालावा आणि म्हणावं, रडा की मोकळ्या गळ्यानं."

"मग आला का नाहीत?"

"मी उठलो असतो तर तुमची आई तुम्हाला बोलली असती. बाबांची झोप मोडलीत म्हणून."

ती पलंगावर टेकली. आईचं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे आलं. आई भांडी फडक्यावर ठेवून घासायची, ताट ताटाला लागू द्यायची नाही. पातेलं हातातून निसटलं तर आधी बंद दाराकडे बघायची आणि मग पातेल्याकडे.

"आईला माहीत होतं हे?"

"नाही."

"नाना!"

"आता काय सांगू तुला. नवीन लग्न झालेलं. मी पहिल्यांदा रात्रपाळी करून आलो, तर हिनं खिडकीला जाड पडदा शिवून लावलेला. वरच्या मजल्यावर जाऊन रेडिओवरून भांडून आलेली. माहेरी कधी कुणाशी मोठ्यानं बोलली नसेल, आणि माझ्यासाठी भांडून आली. त्या बाईला काय सांगायचं? की बाई गं, इथेच येऊन भांड, म्हणजे मला झोप लागेल?"

तिला हसू फुटलं. नानाही हसले. मग त्यांचं हसू थांबलं आणि तिचे खांदे मात्र हलत राहिले. नाना गोंधळून सदऱ्याच्या बाहीनं तिचं तोंड पुसायला लागले. तिला आईची कीव येत होती, नानांचा राग येत होता, आणि सगळ्यांत जास्त वाईट वाटत होतं ते त्या दाराचं, ज्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं एकमेकांना जपत बसली होती.

"आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं," नाना म्हणाले. "मग इतकी वर्षं झाली की सांगायचीच चोरी. ती इतकं करत होती. त्याच्यावर पाणी कसं ओतायचं?"

तिनं पिशवी ओढून घेतली आणि आतले कपडे बाहेर काढून पलंगावर टाकले.

"दुपारची गाडी जाऊ दे."

"आणि पोराची झोप?"

"बघू काय होतं ते," ती म्हणाली. तिच्या तोंडी असलं वाक्य आठ महिन्यांत आलं नव्हतं.

जावई परतला तेव्हा ती खाट बोळातून ओढून काढत होती. खाटेचे पाय फरशीवर करकरत होते, एक कोपरा कपाटाला धडकला, तरी ती ओढतच होती. तिनं ती दोन्ही पलंगांच्या बरोबर मध्ये आणून ठेवली.

"हळूबाई, बरी आहेस ना?"

"तू आधी त्याचं तोंड पूस. बदकांचा खाऊ खाल्लाय त्यानं."

संध्याकाळी खोलीतले दिवे चालू राहिले. जेवण टेबलावर झालं, खुर्च्यांवर बसून. ठरल्या वेळी तिनं मुलाला खाटेत ठेवलं, आणि ठरल्या वेळी तो उठून बसला. दोन्ही मुठींनी कठडा धरून तो एकेकाकडे बघायला लागला. इतकी माणसं, इतका उजेड आणि आपण झोपायचं, हा काय प्रकार आहे ते त्याला समजेना. आईचा हात दोनदा दिव्याच्या बटनाकडे गेला. दोन्ही वेळा तिनं तो मागे घेतला आणि मुलाला पुन्हा आडवं केलं. तो पुन्हा उठला.

"उद्या दिवसभर किरकिर करणार आहे हा," ती म्हणाली.

"करू दे. मी घेईन त्याला," नाना म्हणाले. आज ते कुजबुजत नव्हते. छापखान्यात पहिल्या पानावर चुकून आदल्या दिवशीची तारीख गेली होती तेव्हा काय गोंधळ उडाला, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. जावई पोट धरून हसला. मग जावयानं आपल्या ऑफिसातलं काहीतरी काढलं, त्यावर तिनं त्याला टोकलं, त्यावर दोघांची जुंपली. विषय फार मोठा नव्हता. घराची किल्ली कुणी हरवली होती हा होता.

"मी जरा पाठ टेकतो," नाना मध्येच म्हणाले. "तुमचं चालू द्या."

त्यांचं चालू राहिलं. किल्ली नक्की त्याच्याच खिशातून पडली होती हे ती पटवून देत असताना जावयानं तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि बोलता बोलता आवाज खाली आणला.

"शू. नाना झोपले."

ती वळली. नाना चपलांसकट, भिंतीकडे तोंड न करता, खोलीकडे तोंड करून झोपले होते. एक हात पोटावर, तोंड किंचित उघडं, घशातून बारीक घरघर. झोपलेले नाना कसे दिसतात हे तिला आजवर माहीत नव्हतं. लहानपणी तिला कुणी विचारलं असतं, तुझे बाबा काय करतात, तर झोपतात, असंच तिनं सांगितलं असतं. आणि त्यांना झोपलेलं मात्र ती आज पाहत होती. सरकारही कठड्याला गाल टेकवून तिकडेच बघत होते, टक्क जागे.

जावयानं उठून चवड्यांवर चालत दिव्याचं बटन गाठलं.

"राहू दे तो," ती म्हणाली. "आणि हळू नको बोलूस."

"अगं, उठतील ते."

"आपण थांबलो तर उठतील. बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

तो बटनापाशीच उभा राहिला. तिनं खाटेतल्या मुलाला उचलून मांडीवर घेतलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली. "एकदा काय झालं, मी धाकटीचे केस ओढले. दुपारची वेळ, आई दळण आणायला गेलेली, आणि हिनं माझी रंगपेटी घेतलेली..."

जावई समोर येऊन बसला. गोष्ट लवकरच संपली, कारण ती मुळात एवढीशीच होती. पलंगावरची घरघर संथ चालली होती.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय झालं, माहितीये?" ती मोठ्यानं म्हणाली. पुढे काहीच झालं नव्हतं. ती आठवेल ते सांगत राहिली.