वाटीच्या तळाशी

कल्याणने गोणीतला शेवटचा डबा काढला, झाकण उघडून सवयीने आत हात घातला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली लहान मुलाची वाटी होती. कागद सोडवून त्याने ती दाराच्या उजेडात धरली. आत तळाशी नाव होतं : चि. मल्हार.

अक्षर त्याचंच होतं. ‘हा’चा काना उतरवताना पेन घसरलं होतं आणि एक बारीक शेपटी मागे राहिली होती. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी तो शेजारच्याच भांड्यांच्या दुकानात स्टुलावर बसून विजेच्या थरथरत्या पेनाने नावं टाकायचा, तेव्हाची ती शेपटी. पोराचा मामा चिठ्ठी घेऊन आला होता, बारशाला उशीर होतोय म्हणून डोक्यावर उभा राहिला होता. घाईत घसरणार नाही तर काय होणार!

द्वारकाबाईंनी सोमवारी दोन गोण्या टाकताना एकावन्न भांडी सांगितली होती. त्याने बाहेर काढून ठेवलेल्यांवरून पुन्हा नजर फिरवली. ही बावन्नावी.

पाठीमागे यंत्र टकटक करत एका ताटावर मोर काढत होतं. यंत्र टेबलाएवढंच, सुटे भाग मागवून, मोबाइलवर बघून बघून त्याने ते स्वतः जोडलेलं. त्याला दोन तोंडं होती. एक लेसरचं आणि दुसरं एका सुईचं, जी पत्र्यावर क्षणात वीस टोचे मारायची आणि टोच्यांचं चित्र व्हायचं. कुंभार पिंपळगावातल्या बायकांनी तिला टोच्या म्हणायला सुरुवात केली आणि कल्याणनेही ते मुकाट्याने मान्य केलं.

सोमवारी द्वारकाबाई काळीपिवळीतून उतरल्या त्या सरळ त्याच्या शटरसमोर.

“कल्याण, तुझ्याच हातानं घातलेले नावं हायेत. आता तूच बुजव.”

प्रत्येक भांड्यावर ‘दैवशाला – संपत, शुभविवाह’ आणि तारीख. दैवशाला ही द्वारकाबाईंची लेक. पाच महिन्यांपूर्वी तिची फारकत झाली होती. बैठकीत पंचांसमोर सासरच्यांनी भांडी मोजून परत दिली.

“पोरगं ठेवून घेतलं आन् भांडे मोजून दिले,” द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, आणि गोणीचं तोंड सोडत बसल्या होत्या.

आता येत्या रविवारी दैवशालाचं दुसरं लग्न होतं, मंठ्याला. मोंढ्यात आडतीवर मुनीम असलेला बिजवर, माणूस सरळ, पण घरच्यांची एक अट होती : मागचं काही घरात येता कामा नये. नाव नको, फोटो नको, विषयसुद्धा नको. आणि भांडी तर टाकवत नव्हती. दैवशालाच्या वडिलांनी, बद्रीनाथरावांनी, जालन्याला जाऊन एकेक भांडं बोटाने वाजवून निवडलं होतं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले.

तेव्हा कल्याणने सुचवलं, नावं खोडण्यापेक्षा त्यांच्यावर चित्रं काढू. मोर, कमळ, कलश. चित्र दाट काढलं की नाव त्यात विरून जातं. त्याने दोन जुन्या झाकण्या पुढे ठेवल्या : एकीवर लेसरचं काळं कुळकुळीत फूल, दुसरीवर टोच्याचं. लेसरचं दिसायला देखणं. काळा स्प्रे मारायचा, लेसरने तो पत्र्यावर भाजायचा, उरलेला पुसून टाकायचा. द्वारकाबाईंनी देखणेपणाला भीक घातली नाही. शेजारच्या दुकानातून तारेची घासणी आणली, रस्त्यावरची चिमूटभर माती घेतली आणि दोन्ही झाकण्या पाच-पाच मिनिटं अशा घासल्या की कल्याणच्या दाताला कळ आली. लेसरचं फूल फिकुटलं, एक पाकळी तर पार उडाली. टोच्याचं जसंच्या तसं.

“हे टोच्याचं मार,” त्या म्हणाल्या. “माझ्या लेकीला जलमभर पुरलं पाहिजे.”

तीन दिवस टोच्या टकटकत होता.

बाहेर रिक्षा थांबली. द्वारकाबाई आत आल्या, मागे दैवशाला. तिला कल्याण लग्नानंतर आज पहिल्यांदाच बघत होता. ती चौकटीशीच उभी राहिली.

“झालं का बाबा? चारची जीप धरायची हाय.”

“हे ताट चालू हाय अन् हा एक डबा. बस, अर्धा घंटा.” आणि मग कल्याणने, हिशेबी माणसाच्या भोळसटपणाने, वाटी काउंटरवर ठेवली. “मावशी, तुम्ही एकावन्न म्हणल्या होत्या. ही चुकून आल्ती का यात?”

द्वारकाबाईंनी वाटीत पाहिलं. मग लेकीकडे.

“तू घातली?”

दैवशालाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“कवा घातली?”

“गोण्या शिवायच्या आधी.” आवाज जेमतेम आला. “म्हणलं, डब्याचं नाव बाहेरून हाय. आतून कोण पाहतंय.”

कल्याणला आपल्या तोंडाला कुलूप घालावंसं वाटलं. डबा तसाच यंत्रावर चढवला असता, चित्र काढून गोणीत टाकला असता, तर हिची वाटी मंठ्याला सुखरूप पोचली असती. पण नाही, याला हात घालून बघायची खोड आणि मोजून विचारायची दुसरी. तो उगाच यंत्राकडे गेला, चालू असलेला मोर बघितला, परत आला.

“काय नडतंय, आई? वाटीच ती.”

“नाव हाय तिच्यात. लगीन झालं की दुसऱ्या दिवशी सासू भांडे लावायला बसल आन् पहिली हीच हाती येईल. मंग काय सांगशील?”

“सांगन भाच्याची हाय.”

“भाच्याचं नाव त्यान्ला म्हाईत हाय. परवा पेढा भरवला त्याला.” द्वारकाबाई खुर्चीवर बसल्या, लगेच उठल्या. “माझ्यापाशी ठेव मंग.”

“तुझ्यापाशी?” दैवशालाने आता मान वर केली. “पाळणा ठेवला व्हता तुझ्यापाशी.”

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. पाळणा त्यांनी आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

“त्याच्याकडं पाहून तू जेवत नव्हतीस,” त्या म्हणाल्या. “मी काय करायला पाहिजे व्हतं?”

तेवढ्यात लाइट गेली. टकटक थांबली, पंखा थांबला. मोराची मान अर्धवट राहिली. कल्याण बाहेर जाऊन रस्ता बघून आला, जसं काही लाइट रस्त्याने येणार होती. चहा सांगू का म्हणाला, कोणी हो म्हटलं नाही, तरी सांगितला. चहा आला आणि तसाच राहिला.

दैवशालाने काउंटरवरची वाटी उचलली.

“भात संपला की नाव दिसायचं, म्हणून खायचा,” ती म्हणाली. ती कल्याणला सांगत होती की आईला, कळत नव्हतं. “वाचता कुठं यायचं त्याला! मी म्हणायचे, पाहू बरं, तळाला कोण हाय. मंग भराभरा खायचा आन् बोट ठेवायचा. म्हणायचा, मी हितं हाय.”

द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला. रडल्या असतील, नसतील; पदर काढला तेव्हा चेहरा कोरडा होता.

“बुजवून ने,” त्या म्हणाल्या. “बुजवल्याबिगर त्या घरात न्यायची न्हाई. तुझा बाप असता तर त्यानंबी हेच सांगितलं असतं. एक डाव घर मोडलं, बाई. एवढ्याशा वाटीपायी दुसऱ्यांदा मोडू देणार न्हाई मी.”

दैवशालाने वाटी कल्याणच्या हातात दिली. देताना तिने ती पदराने आतून पुसली.

सव्वातीनला लाइट आली. कल्याणने अर्ध्या मोराशी सुई पुन्हा जुळवली, ताट संपवलं, मग डबा. काम हाताखालून जात होतं, लक्ष मात्र वाटीवर होतं. ह्याच मापाच्या चार वाट्या त्याने मंगळवारी केल्या होत्या. टोच्याची सुई आत नीट उतरली होती, चारही तळांत कमळ उमटलं होतं. त्या चारही वाट्या आत्ता गोणीवर एकात एक घालून ठेवलेल्या होत्या.

त्याने टोच्याचं तोंड काढलं आणि लेसरचं बसवलं.

“काय करून राह्यला?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“मावशी, टोच्या आत उतरत न्हाई. काठाला अडतो.” त्याचे कान तापले. “हिला लेसरच मारावा लागल.”

द्वारकाबाईंनी यंत्राकडे पाहिलं. मग गोणीवरच्या त्या चार वाट्यांकडे पाहिलं. वरची वाटी त्यांनी उचलली, तळातल्या कमळावरून अंगठा फिरवला आणि होती तशी ठेवून दिली. कल्याण स्प्रेचा डबा हलवत उभा राहिला. आता बोलतील, आत्ता बोलतील. खोटं पकडलं गेलेल्या माणसाला डबा किती वेळ हलवावा ते समजत नाही.

“लागल तर मार,” त्या म्हणाल्या. “पण बराबर झाक. दिसाय नको.”

स्प्रेखाली नाव काळं झालं. त्याने दोघींना नजर दुसरीकडे वळवायला सांगितली, स्वतः चष्मा लावला. निळा ठिपका वाटीच्या तळाशी मागे-पुढे धावायला लागला, जळक्या रंगाचा वास सुटला. दहा मिनिटं दैवशाला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. यंत्र थांबल्यावर कल्याणने ओल्या फडक्याने तळ पुसला. भरगच्च काळं कमळ. नावाची शेपटी देठात गेली होती. ठाऊक नसणाऱ्याला काही म्हणजे काही दिसलं नसतं.

दैवशालाने वाटी घेतली, उजेडाकडे तिरपी केली, सरळ केली.

“गेलं,” ती म्हणाली.

कल्याणच्या जिभेवर आलं होतं. गेलं नाही ताई, वर नुसता रंग आहे. पण द्वारकाबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या आणि त्यांनीच मनावर घेतलं तर टोच्या पुन्हा बसवायला पाच मिनिटंही लागली नसती. तो भांडी गोणीत भरायला लागला. भरता भरता मान वर केली तर द्वारकाबाई दुकानात नव्हत्या.

“ताई,” तो घाईने म्हणाला, “ऐका, ही वाटी...”

“कल्याण, गोण्या उचल, जीप लागली,” बाहेरून आवाज आला आणि मागोमाग द्वारकाबाई आत आल्या. शेजारच्या दुकानातूनच येत होत्या. हातात तारेची नवी घासणी होती.

त्यांनी लेकीच्या हातातली वाटी घेतली. घासणी वाटीत ठेवली, वाटी डब्यात ठेवली आणि झाकण तळव्याने दाबून लावलं.

“ही वाटी रोज घासत जाय,” त्या दैवशालाला म्हणाल्या. “चांगली दाबून. आळस करू नको.”

दैवशाला आईकडे बघत राहिली. मग तिने कल्याणकडे पाहिलं. कल्याणने खाली वाकून गोणीची गाठ मारली, मारलेली सोडली आणि पुन्हा मारली.

जीप भरली होती. क्लीनर टपावर चढून हात पुढे करून बसला होता. कल्याणने एकेक गोणी वर दिली आणि शेवटी डब्याला हात घातला.

“तो वर नको देऊ,” द्वारकाबाई आतून म्हणाल्या. “आण हिकडं. तो मी मांडीवर घेते.”