पडद्यावरची कपबशी

"कंच्या हातानं काढली रं?" कानिफनाथनं विचारलं, आणि भीमराज तोंड उघडायच्या आतच त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनी भीमराजचा उजवा हात टेबलावर दाबून धरला.

वजनकाट्याच्या खोलीत मॉनिटरच्या काचांचा सडा पडला होता. बाहेर उसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, पण आत डोकावायची कुणाची छाती नव्हती.

भीमराज खर्डा गावचा. साखर कारखान्याच्या काट्याचा प्रोग्रॅम त्यानं एकट्यानं लिहिला, तरी सत्त्याण्णव सालच्या त्या हंगामातही तो रोजंदारीवरच होता. निवडणूक तोंडावर आली तशी अध्यक्षांनी त्याला गोडीगुलाबीनं सांगितलं की, पडद्यावर माऊसचा बाण फिरतो ना, त्याजागी आपल्या पॅनेलचं चिन्ह, कपबशी, फिरू दे. ऊस घालायला आलेला सभासद खिडकीतून पडदा बघतोच. निवडून आलो की तू कायम. भीमराजला ते रुचलं नव्हतं. पण घरी चांगुणाबाई, त्याची आई, कधी कायम करत्यात म्हणून रोज जीव खात होती.

एकदा हो म्हटल्यावर मात्र गडी रंगला. बारीक चौकोन भरत त्यानं कप काढला, कानाला सावली दिली, वर वाफेची रेघ सोडली. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली आणि बाण जाऊन कपबशी आली. खुळा किती तरी वेळ ती नुसतीच इकडून तिकडं फिरवत बसला होता.

विरोधी पॅनेलच्या कानिफनाथपर्यंत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. त्यानं कोयता उलटा धरला आणि बोटांवर घातला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. भीमराज किंचाळला, तेव्हा त्याच्या तोंडात त्याचाच रुमाल कोंबला आणि कोयता पुन्हा खाली आला.

मतमोजणीत कपबशी आपटली. कानिफनाथ संचालक झाला. भीमराज कामावर परतला तेव्हा उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, आणि नव्या मॉनिटरवर कपबशी तशीच फिरत होती.

कानिफनाथ खुर्ची ओढून शेजारी बसला. झालं गेलं विसर म्हणाला. कपबशी काढून आमचं विमान टाक, पाच वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं फिरू दे, कायमची ऑर्डर याच महिन्यात घे.

भीमराजनं डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत ती ओळ खोडली. माऊस हलवला. पडद्यावर पहिल्यासारखा साधा बाण आला.

"आन विमान?"

"न्हाई टाकनार. कुनाचंच न्हाई."

 कानिफनाथ उठला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.

 आईला काय सांगायचं, ते भीमराजला सुचत नव्हतं. त्यानं माऊस बाजूला सारला आणि डावा हात टेबलावर पालथा ठेवला.