तिसऱ्या दिवसाचा फोन

डोळ्यांच्या दवाखान्याची आज तपासणी होती, म्हणून रामनाथ गुरुजी मंचरला अर्धा तास आधीच येऊन बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथली नोंदवही ते सांभाळत. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी प्रत्येक पेशंटला फोन करायचा, डोळा कसा आहे ते विचारायचं आणि उत्तर लिहायचं.

"गुरुजी, घाबरता काय?" डॉक्टर सिद्धी हसून म्हणाल्या. "तुमचं अक्षर बघूनच पास करतील आपल्याला."

गुरुजी कसनुसं हसले. वहीतली एक ओळ त्यांना महिनाभर खात होती. झुंबरबाई, डिंभ्याच्या वरची वाडी, उजवा डोळा. पुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात: बरं आहे.

आठव्या दिवशी ती दाखवायला आली नव्हती. भाताची आवणी, रोपांची लावणी, चालू असेल, म्हणून कुणी चौकशीही केली नाही. मग गेल्या महिन्यात तिचा मुलगा भिमाजी स्टँडवर भेटला. "आईचा डोळा गेला, गुरुजी," एवढंच म्हणाला आणि गाडीत चढला. आज डॉक्टरांना सांगू, असं गुरुजी रोज सकाळी ठरवत. आणि दवाखान्याच्या पायरीवर आले की वाटे, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली असेल.

त्या वाडीच्या शाळेत त्यांनी अकरा वर्षं काढली होती. तिथल्या माणसाला काहीही विचारा, पहिलं उत्तर 'बरं हाय' हेच. घरात मयत झालेली असली तरी. आधी बरं म्हणायचं, समोरच्याचं विचारायचं आणि मग सावकाश खरं सांगायचं. नवख्या माणसाची चूक झाली असती तर गोष्ट वेगळी. गुरुजींना हे पक्कं ठाऊक होतं.

"बरं हाय, गुरुजी," त्या दिवशी झुंबरबाई फोनवर म्हणाली होती. "आन् बाई कशा हायेत?"

बाई म्हणजे गुरुजींची बायको. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. वर वाडीत कळलं नव्हतं. गुरुजींनी तसाच फोन ठेवला, चष्मा पुसला आणि लिहिलं, बरं आहे.

तपासणीला पुण्याहून आलेल्या उज्ज्वला मॅडमनी सगळ्या खोल्या पाहिल्या, औषधांच्या तारखा पाहिल्या आणि शेवटी वही उघडली. "दोन-तीन पेशंटशी बोलू या." दोन फोन झाले. तिसऱ्यांदा त्यांचं बोट झुंबरबाईच्या नावावर टेकलं. त्यांनी स्पीकर लावला.

"आजी, डोळा कसा आहे?"

"बरं हाय, बाई. तुमचं बरं हाय ना? जेवलात का?"

मॅडमना हसू आलं. "नोंदीशी जुळतंय," असं म्हणून त्या टिक करायला लागल्या.

गुरुजी उभे राहिले. "मॅडम, थांबा. तिला दिसतं का, ते विचारा."

"दिसतं का, आजी?"

"त्या डोळ्यानं? न्हाई. गेला त्यो. दुसरा हाय की, भागतंय."

डॉक्टर सिद्धी हळूच खुर्चीत बसल्या.

"मग तेव्हा सांगितलं का नाही? फोन आला होता ना?" मॅडमनी विचारलं.

"आला व्हता की, आमच्या गुरुजींचा! रातभर लई ठणकत व्हता डोळा. सांगणारच व्हते मी. पर आमच्या डोंगरातली मेली रेंज, मधीच गेली. त्यांस्नी बोल लावू नका, बाई. लई भला माणूस."

गुरुजी टेबलावर वाकले. "झुंबरबाई, मी गुरुजी बोलतोय."

"अगं बया! गुरुजी, बरं हाय ना? बाई कशा हायेत?"

"बाई गेली, झुंबरबाई. पाडव्याच्या आधीच गेली." त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "आणि त्या दिवशी रेंज गेली नव्हती. फोन मी ठेवला होता."

रेंज गेली का, म्हणून मॅडमनी वाकून पाहिलं. फोन चालूच होता.