मुळीला कीड लागत नाही

विद्यापीठाच्या नमुनाघराच्या पायऱ्यांवर त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी तिथं विद्यार्थ्यांशिवाय कुणी फिरकत नसे. आत कपाटांत भुसा भरलेले पक्षी, बरण्यांतले साप आणि सांगाडे. ते बघायला कोण येणार? पण आज पायऱ्यांवर मुळीबाबा बसले होते. त्यांच्या तळहातावर बोटभर लांबीची काळपट मुळी होती, अगदी दोन हात जोडल्यासारखी.

"बघून घ्या!" बाबा गरजले. "जमिनीच्या पोटात बसून नमस्कार करते ही! वीज पडते तिथंच उगवते. रात्री भिजवा, सकाळी पाणी प्या. साखर पळेल, वात पळेल, सासूसुद्धा पळेल! आणि हजार वर्षं हिला कीड लागत नाही!"

किडेमावशी दारात उभी राहून ऐकत होती. तिचं काम जगावेगळं. मेलेल्या जनावराचा सांगाडा शिकवायला ठेवायचा, तर हाडांवरचं मांस काढावं लागतं. ते खाणाऱ्या किड्यांची पेटी ती सांभाळायची. कितीही नाजूक हाड असो, किडे ते लख्ख करून देत.

तिचा थोरला भाऊ नमुनाघराचा दरवान. तो पहिल्याच रांगेत काठी टेकून उभा होता. त्याला मधुमेह, पायाला जखम. सुई टोचली की मुळी रुसते, असं बाबांनी सांगितल्यापासून बारा दिवस त्यानं इन्सुलिन घेतलं नव्हतं. करंगळी काळी पडली होती. असंच चाललं तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मावशीनं भावानं बाबांकडून विकत घेतलेली मुळी त्याच्या हातातून घेऊन नाकाशी नेली. तीस वर्षं जनावरं सोलून वाळवणाऱ्या बाईच्या नाकाला तो वास परका नव्हता.

"दादा, ही मुळी नव्हे."

"तुला किडे सोडून काय कळतं गं?"

"किडेच कळतात. म्हणून तर बोलतेय." ती बाबांकडे वळली. "कीड लागत नाही म्हणालात ना? माझ्याकडं कीड आहे. लावून बघू?"

"बघू की!" गर्दी ओरडली.

बाबांनी आपली मुळी मुठीत झाकली. "बघा... पण श्रद्धा लागते."

"किड्यांना श्रद्धा कुठून आणू? त्यांना नुसती भूक असते."

हेडक्लार्क पुढं झाले. बाबा त्यांच्याच घरी उतरले होते. "पेटीला कुलूप लागेल आणि किल्ली माझ्याकडं राहील. उगाच हातचलाखी नको."

"तुमच्याकडंच ठेवा साहेब," मावशी म्हणाली. तिनं दादाची मुळी जराशी ओली करून काचेच्या पेटीत ठेवली. शेजारी आवारातल्या झाडाची तेवढीच मुळी तोडून ठेवली. हेडक्लार्कनी कुलूप ओढून पाहिलं.

"आता तरी सुई घे दादा."

"आधी निकाल लागू दे."

दोन दिवस मावशी तासातासाला पेटीच्या काचेतून डोकावत राहिली. किडे हळू खातात आणि जखम थांबत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. झाडाची मुळी जशीच्या तशी होती. नमस्कार करणारी मात्र गायब! तिच्या जागी पांढऱ्या, टणक अशा दोन बारीक काड्या उरल्या होत्या.

बाबांनी डोळे मिटले. "अहाहा! मुळीनं देह ठेवला, अस्थी मागं ठेवल्या!"

"मुळीला अस्थी?" मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

मावशीनं कपाटाचा एक खण ओढून आणला. कापसात तशाच दोन काड्या होत्या. खाली जुन्या शाईची चिठ्ठी: घोरपड, नर.

"हे नर घोरपडीचं जननेंद्रिय," मावशी सरळ म्हणाली. "एका नराला दोन असतात. वाळली की जोडलेल्या हातांसारखी दिसतात. ह्या काड्या त्यांच्या आतल्या. ह्या माणसानं विकलेल्या एकेका मुळीपायी एकेक घोरपड मेली आहे."

हेडक्लार्कचा चेहरा पडला. "म्हणजे मी रोज सकाळी ते पाणी..."

"होय साहेब. तेही उपाशीपोटी."

ते तोंडावर रुमाल धरून मोरीकडं धावले. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. तेवढ्यात बाबा दाराकडं सरकले, तर दारात दादाची काठी आडवी.

"बसा बाबा. घोरपड मारणं गुन्हा आहे. वनखात्याचे लोक येईपर्यंत हलायचं नाही." मग त्यानं बहिणीकडं न बघताच विचारलं, "सुई कुठं आहे?"

"पिशवीत. तीन दिवस बरोबर घेऊनच हिंडतेय."

पाऊल वाचलं. करंगळी मात्र काढावी लागली. आता नमुनाघर बघायला कुणी आलं, की दादा चप्पल काढून ती जागा दाखवतो. "त्या बाबाला दोष देऊन काय करू? ऐकलं मीच ना!" असं म्हणतो. "औषध सोडा असं कुणी सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा, तुमचं म्हणणं तपासून बघू का? हो म्हणाला तर खरंच तपासा. चिडला तर तिथून उठा आणि थेट दवाखाना गाठा. माझ्यासारखे पंधरा दिवस घालवू नका."