कासवांचं नितळ पाणी

संजनाने काचपेटीतला फिल्टर काढला आणि पाणी गळू न देता मागल्या दारी नेऊन टपात ठेवला. पेटीतली दोन्ही कासवं माना वर काढून बघत होती. त्यांचं पाणी आरशासारखं दिसत होतं, तरी आज ती ते सगळं उपसणार होती. आत सिद्धीचं अंग पुन्हा तापलं होतं. ढाळ होऊन होऊन पाच वर्षांच्या पोरीचे डोळे खोल गेले होते.

पहिल्याच तापात पेडण्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात काय पाळलंय?" कासवं म्हटल्यावर ते म्हणाले, "मुलीला त्या पाण्याला शिवू देऊ नका. पिण्याचं पाणी उकळा." तेव्हापासून संजना त्या पाण्याच्या अक्षरशः हात धुऊन मागे लागली होती. उरलेलं खाणं लगेच काढायचं, काचा पुसायच्या, एक दिवसाआड बांयचं, परसातल्या विहिरीचं, पाणी ओढून भरायचं. सिद्धी कासवांशी लांबूनच गप्पा मारायची. मग हा ताप येत होता कुठून? सिद्धी कशाला हात लावते यावर तिची घारीसारखी नजर असायची. तिचा नवरा रुद्रेश सकाळी मोपा विमानतळावर ड्यूटीला जाताना दारातून बोलून गेला होता, "घर सांभाळतेस की कासवं, तेवढं ठरव." ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

ब्रश विसरला म्हणून ती परत आत आली, आणि उंबऱ्यातच थबकली.

तिचे सासरे सगुण, आंघोळ करून, सोवळं नेसून पेटीवर वाकले होते. हातातली तांब्याची पंचपात्री त्यांनी हलकेच पाण्यात बुडवली.

"बाबा, हें कितें करतात?"

"तीर्थ घेतां गो." ते दचकलेही नाहीत. "कूर्म अवतार न्हय तो?"

"आनी दितात कोणाक?"

"सिद्धीक. आनी कोणाक?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "आदीं शेवाळ आसलें, तेन्ना हांवें हात लायलो ना. आतां तू कितलें नितळ ठेवता, पळय. देवघरातलें उदकसुद्धां असलें ना."

संजना पाणी जितकं नितळ करत गेली, तितकं ते तीर्थ होत गेलं होतं. तिला संताप आला, पंचपात्री हिसकावून अंगणात भिरकावण्याइतका. पण या माणसाने नातीच्या पहिल्या तापात रात्रभर कपाळावरच्या पट्ट्या बदलल्या होत्या. तिने मागल्या दारचं टप उचलून आणलं आणि त्यांच्यासमोर फिल्टरचा स्पंज पिळला.

टपात काळा, बुळबुळीत गाळ उतरला. कुजक्या मासळीची घाण घरभर सुटली.

"हें... ह्याच उदकांतलें?"

"ह्याच."

सगुण स्वयंपाकघरात गेले, फळीवरून चिंचेचा गोळा काढला आणि मोरीशी बसून पंचपात्री घासू लागले. आतून, बाहेरून, पुन्हा आतून. ती लखलखली तरी हात थांबेना.

देवघरात घंटा वाजली नाही म्हणून सिद्धी भिंतीला धरत बाहेर आली. तिने रोजच्यासारखी उजव्या हाताची ओंजळ पुढे केली.

"आजो, तीर्थ?"

सगुणनी मान वर केली नाही. त्यांच्या हाताला चिंचेचा चोथा लागला होता.

"आज ना गो," ते कसेबसे म्हणाले. "आज देवाक बरें ना."

सिद्धीने क्षणभर विचार केला. आजारपणातलं आता तिला सगळं ठाऊक झालं होतं.

"मगे ताका उकळिल्लें उदक दी."

संजनाने गॅस पेटवला आणि पाण्याचा टोप चढवला.