छकूचा एअर कर्टन

छकू घरी परत आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद दादालाच झाला होता. तिच्या दोन्ही जड बॅगा त्याने उचलून आणल्या, वरची खोली झाडून दिली, आणि "आता कुठे जायचं नाही, इथेच राहायचं," असंही त्यानेच तिला दम देऊन सांगितलं. धाकटी बहीण परगावी एका मोठ्या हॉटेलात केक-पेस्ट्रीचं काम करायची. हॉटेल बंद पडलं आणि ती आली. घर म्हणजे वर राहायच्या खोल्या आणि खाली वडिलांची बेकरी. वडिलांना गिऱ्हाइकांपासून सुनेपर्यंत सगळे आप्पा म्हणत. मागे भट्टी दादा सांभाळायचा, पुढे काउंटरवर आप्पा आणि दादाची बायको.

दादाचा तो आनंद आठवडाभरही टिकला नाही.

दुकानासमोरचा रस्ता खणून ठेवला होता. काचेचं दार बंद ठेवावं तर भट्टीच्या धगीने आत जीव नकोसा व्हायचा, उघडं ठेवावं तर धूळ आणि माशा. आप्पा दिवसभर हातात फडकं घेऊन केकच्या कपाटावर बसणाऱ्या माशांशी भांडत असत. एका दुपारी सगळे जेवायला बसले असताना छकू म्हणाली, "आप्पा, आमच्या हॉटेलात मागच्या दारावर एअर कर्टन होता. लांबट मशीन असतं, दाराच्या वर आतून बसवतात. ते वरून खाली हवेचा झोत सोडतं. दार सताड उघडं असलं तरी माशी आत येत नाही, धूळ येत नाही. आपण बसवायचा का?"

दादा मनातल्या मनात हसला. आप्पांचं उत्तर त्याला पाठ होतं. मागे त्याने दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावू म्हटलं, तर आप्पा म्हणाले होते, "खाटकाचं दुकान आहे का माझं?" मैदा मळायचं मशीन घेऊ म्हटलं, तर म्हणाले होते, "का? हात गळून पडले का तुझे?" ते मशीन तो दर वर्षी मागायचा आणि दर वर्षी शिव्या खायचा.

आप्पांनी घास संपवला, ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "चांगलं सुचवलंस. तुला कळतं त्यातलं. बघ कुठला बरा, आणि घेऊन ये."

दादाचा हात ताटातच राहिला. बायकोने ते पाहिलं आणि घाईघाईने त्याला भाजी वाढली. "नको," तो म्हणाला, आणि वाढलेली भाजी न खाताच उठला.

त्या दिवसापासून त्याला सगळंच दिसायला लागलं. छकूने बिस्किटांच्या बरण्या हलवल्या, तर आप्पांना ते आवडलं; हेच दादाने केलं असतं तर त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. गिऱ्हाईक आलं की आप्पा सांगायचे, "ही आमची मुलगी. मोठ्या हॉटेलात होती." मुलगा गेली कित्येक वर्षं मागे भट्टीत भाजून निघतोय, हे त्यांनी कधी कुणाला सांगितल्याचं दादाला आठवत नव्हतं. एका सकाळी तर कहर झाला. दादाने ताज्या पावांचा ट्रे आणून ठेवला, आणि आप्पांनी त्यातला एक पाव मोडून छकूच्या हातात दिला. "खाऊन बघ गं. नीट झालाय का सांग."

छकू खाऊन म्हणाली, "मस्त झालाय, दादा."

"झाला ना पास?" दादा म्हणाला, आणि रिकामा ट्रे असा काही आपटला की बायको दचकून आतून बाहेर आली.

"अहो, झालं काय तुम्हाला?" तिने मागे येऊन विचारलं.

"काही नाही. परीक्षा होती माझी."

"बहीण आहे ती तुमची."

"मी कुठे म्हणतोय शेजारीण आहे?"

बायकोने तोंड फिरवलं. तिला हसू येत होतं आणि ते दाखवायची ती वेळ नव्हती.

छकूने दाराचं माप घेतलं. टेपचं दुसरं टोक दादाने धरलं होतं. मग ती म्हणाली, "दादा, तूही चल ना मशीन घ्यायला. दोघं मिळून बघू." नाही म्हणायला काही कारण सापडेना, म्हणून तो गेला.

दुकानदाराने भिंतीवर ओळीने मशीनं लावून ठेवली होती. तो एकेक चालू करून दाखवत होता. पहिल्याच्या खाली छकू उभी राहिली, तर हवा कमरेच्या खाली पोचेचना. "हे नको. हवा जमिनीला लागली पाहिजे, नाहीतर माशा खालून येतील," ती म्हणाली. दुसऱ्याचा जोर इतका की दुकानदाराच्या टेबलावरचे कागद उडाले, आणि आवाज असा की एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. "आप्पा या आवाजात दिवसभर बसतील का?" असं म्हणून तिने तेही सोडलं. तिसऱ्याची हवा टाचेपर्यंत लागत होती आणि बोलणंही ऐकू येत होतं. लांबीला ते दारापेक्षा जरासं जास्त होतं. तिने झोताची दिशा बदलणारी पट्टी पुढेमागे हलवून पाहिली, जाळी काढून धुता येते का ते विचारलं. दादा बाजूला उभा राहून बघत होता. ती खरंच छान निवडत होती आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

शेवटी दुकानदार म्हणाला, "दाराच्या वर आतून भिंत मोकळी आहे ना? हातभर जागा लागेल. आणि मागे पक्की भिंत हवी, वजन आहे याला."

"हो, मोकळी आहे," छकू म्हणाली.

मोकळी नव्हती. दाराच्या वर जे भिंतीसारखं दिसत होतं ती प्लायवूडची फळी होती, आणि फळीमागे शटरचा रोल होता. छकू परगावी असताना जुनं शटर बदललं, तेव्हा रोल उघडा दिसायला नको म्हणून दादानेच ती फळी मारली होती आणि भिंतीच्या रंगाचा हातही दिला होता. रंग इतका बेमालूम बसला होता की आप्पाही ती फळी विसरून गेले होते, माहीत नसलेल्याला तर काही कळणं शक्यच नव्हतं.

छकूने दादाकडे पाहिलं. "मोकळी आहे ना रे?"

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर आप्पा आले, पाव मोडून तिच्या हातात देणारे. होऊ दे एकदा फजिती, त्याला वाटलं. कळू दे आप्पांना, हिला किती कळतं ते.

"तू माप घेतलंयस ना," तो म्हणाला, "मग झालं."

दोन दिवसांनी फिटर मशीन घेऊन आला. सकाळची गर्दी ओसरली होती, तरी तीनचार गिऱ्हाइकं होती. आप्पा कौतुकाने काउंटरच्या बाहेर येऊन उभे राहिले होते. दादाला भट्टीजवळ काम होतं, पण तो मैद्याचे हात घेऊन मधल्या दारात येऊन थांबला.

फिटर स्टुलावर चढला, खुणा केल्या, ड्रिल लावलं. ड्रिल भसकन आत गेलं आणि आत लोखंडावर असं करकरलं की एका बाईने कानांवर हात ठेवले. फिटरने ड्रिल मागे घेतलं, फळीवर बोटांनी ठकठक केलं आणि खाली बघून म्हणाला, "अहो, ही भिंत नाही. मागे शटर आहे. सांगायचं ना आधी! पत्र्याला भोक पडलं असतं म्हणजे?"

गिऱ्हाइकं वर बघायला लागली. छकूचा चेहरा पांढरा पडला. दादाने कितीतरी वेळा मनात रंगवलेला क्षण तो हाच. पण त्यात छकू अशी दिसत नव्हती. लहानपणी तिच्या हातून फुलदाणी फुटली होती तेव्हा ती अशीच तुकड्यांकडे बघत उभी राहिली होती.

"माझी चूक झाली, आप्पा," ती म्हणाली. "ठोकून बघायला हवं होतं. मी बघितलंच नाही."

आप्पा तिच्याकडे बघत नव्हते. ते फळीकडे बघत होते, आणि मग त्यांनी मान वळवून मधल्या दाराकडे बघितलं.

"ती फळी कोणी मारली होती रे?"

"मी," दादा म्हणाला.

"हं." आप्पा काउंटरच्या मागे गेले आणि गिऱ्हाइकाला विचारलं, "बोला, काय देऊ?"

शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. दादाला वाटलं, यापेक्षा चार लोकांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

फिटर "जागा झाली की बोलवा" म्हणून निघून गेला. मशीन खोक्यात परत घालून बाकड्यावर ठेवलं. बायकोने दुपारी दादाच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला तो जरा जोरातच.

छकू मागे भट्टीजवळ आली तेव्हा तो ट्रे घासत होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

तो घासत राहिला. मग थांबला. "हो."

"मी विचारलं होतं तुला. तोंडाकडे बघून विचारलं होतं."

"हो."

"का?"

याचं उत्तर त्याने कधी शब्दांत मांडलं नव्हतं. आता मांडायला गेला तर ते इतकं लहान मुलासारखं निघालं की त्याची त्यालाच लाज वाटली. "तू मागितलंस आणि ते लगेच हो म्हणाले. मी इतकी वर्षं एक मशीन मागतोय."

छकू मैद्याच्या पोत्यावर बसली. ती रागावली होती, आणि राग लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. "फार घाण वागलास, दादा. मला वाटलं, घरी आले, आता कुणावर लक्ष ठेवायला नको. हॉटेलात तेच करत होते मी. कोण कधी पाय ओढेल याचा नेम नसायचा."

दादाने मान खाली घालून हातातला ट्रे बाजूला ठेवला.

"आणि तुला वाटतं ते मला हो म्हणतात म्हणजे माझे लाड करतात?" ती पुढे म्हणाली. "पाहुण्याला कोणी नाही म्हणतं का? ते मला ओरडत नाहीत रे. एकदाही नाही. तुझ्या नावाने सकाळपासून खडे फोडतात, वहिनीला ओरडतात, दूधवाल्याला ओरडतात. माझ्याशी बोलताना आवाज बदलतो त्यांचा. तुम्ही भांडत असता तेव्हा मी वर जिन्यात बसून ऐकते. जळायला होतं मला, माहितीये?"

दादाने वर बघितलं. या घरात जळतोय तो आपण एकटेच, असं त्याला इतके दिवस वाटत होतं.

"शिव्यांवर जळतेस?"

"हो, शिव्यांवर," ती म्हणाली. तिला हसू आलं नाही. "आता त्या मशीनचं काय करायचं ते सांग. मी परत करणार नाही."

दादाने हात धुतले. दोघं पुढे गेली. त्याने फळी काढली, आणि रोलपासून आतल्या बाजूला किती जागा सुटते ते हाताने मापून पाहिलं. "रोलच्या पुढे टांगू," तो म्हणाला. "दोन्ही बाजूच्या भिंतींतून लोखंडी अँगल काढायचे. वेल्डिंगवाल्याकडून करून आणतो. पण मग मशीन दारापासून लांब जाईल."

"झोताची पट्टी बाहेरच्या बाजूला वळवू. आणि मधली फट पत्रा मारून बंद करू, नाहीतर हवा मागूनच निसटेल."

"पत्र्यामुळे शटर अडकायला नको."

"मग तू सांग किती अंतर सोडायचं. शटर तू उघडतोस."

पुढचे दोन दिवस ती दोघं त्याच कामात होती. सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. पत्रा कसा वाकवायचा यावरून त्यांचं चांगलंच वाजलं. छकू तिसऱ्यांदा "हॉटेलात असं करायचे" म्हणाली तेव्हा दादाने पकड खाली ठेवली आणि म्हणाला, "मग हॉटेलातून बोलव कुणाला तरी." जरा वेळाने पकड उचलून तिनेच त्याच्या हातात दिली.

फिटर परत आला, मशीन अँगलवर चढलं, वायर जोडली. बटण दाबल्यावर घरघर आवाज झाला आणि दारात हवा सुरू झाली. छकूने एक कागदाची पट्टी दारात धरली. ती खालच्या बाजूला सरळ ताणली गेली. बाहेर रस्त्यावरून डंपर गेला, धुळीचा लोट दारापर्यंत आला आणि तिथेच पसरून बाजूला गेला. एक माशी आत यायला बघत होती. सगळेच तिच्याकडे बघत होते. ती झोतात सापडली आणि दिसेनाशी झाली. दादाच्या बायकोने चक्क टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात नेहमीची एक शिक्षिकाबाई आत आली. दारात तिचे केस उडाले, तशी ती हसून म्हणाली, "अरे वा, हे काय नवीन?"

"आमच्या मुलीने सुचवलं," आप्पा म्हणाले. "मोठ्या हॉटेलात होती ना ती."

दादा स्टुलावर उभा राहून पत्र्याचा शेवटचा स्क्रू पिळत होता. तेच जुनं जळणं पुन्हा सुरू झालं. त्याला वाटलं होतं, ते आता गेलं असेल. गेलं नव्हतं. त्याने स्क्रू आणखी एक फेरा पिळला.

"आप्पा, अँगल आणि पत्रा सगळं दादाने केलंय," छकू म्हणाली. "त्याच्याशिवाय बसलंच नसतं."

"त्याला येतंच ते," आप्पा म्हणाले, आणि बाईंच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा ठेवला.

दादा स्टुलावरून उतरला. मागे जाऊन त्याने मैद्याच्या परातीत हात घातले, आणि मळता मळता ते तीन शब्द उलटसुलट करून पाहिले. कौतुक म्हणावं तर त्यात कौतुक काही नव्हतं. न म्हणावं तर आप्पांनी ते किती सहज म्हटलं होतं, जणू भट्टी गरम असते असंच काहीसं सांगावं तसं. बायको आत आली तेव्हा त्याने तिला विचारलं, "तू ऐकलंस ना? म्हणजे काय म्हणाले ते?"

"मला काय विचारता? त्यांनाच विचारा."

तो विचारणार नव्हता. पण त्याने मान बाहेर काढून मोठ्याने हाक मारली, "आप्पा, ते मैद्याचं मशीन—"

"हात मोडलेत का तुझे?" पुढून आवाज आला.

काउंटरशी उभ्या असलेल्या छकूने त्याच्याकडे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला स्वतःवरून चांगलंच ओळखीचं होतं.